उभ्या राहिलेल्या वाहनाचे दुखणे : निदान आणि निगा

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण आणि उल्हासनगर या स्थानकांच्या दरम्यान विठ्ठलवाडी हे स्थानक आहे. येथून पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी सलग वस्ती पसरलेली आहे. या पट्ट्यातील नोकरदार माणसाचे रोजचे वाहन म्हणजे लोकलगाडी. घरी मोटार असली तरी ती बहुधा रविवारी, लग्नकार्याला किंवा आजारपणाच्या वेळी बाहेर निघते. आठवड्यातील सहा दिवस ती इमारतीखाली उभीच असते.

हीच स्थिती कमीअधिक प्रमाणात सार्वजनिक वाहनांचीही आहे. पंचायत समितीची जीप अधिकाऱ्यांच्या बैठकांच्या काळात दिवसेंदिवस जागची हलत नाही. शाळेची बस उन्हाळ्याच्या सुटीत महिना-दीड महिना उभी असते. गावाची रुग्णवाहिका सुदैवाने कधीकधी आठवडाभर लागत नाही. मात्र ज्या रात्री ती लागते, त्या रात्री ती पहिल्या प्रयत्नात सुरू व्हावीच लागते. अडलेल्या बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याला "जरा धक्का मारणारे चार जण बोलवा" असे सांगण्याची पाळी येऊ नये. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे. वाहन दुरुस्त करणे हे कारागिराचे काम. परंतु दुखणे कोठे आहे हे ओळखणे वाहनाची जबाबदारी असलेल्या कोणाही सुशिक्षित व्यक्तीला जमण्यासारखे आहे.

दोन मोठे धडे

अलीकडच्या काळात महाराष्ट्राला या बाबतीत दोन मोठे धडे मिळाले. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. ३१ मेपर्यंतचे दिवस मोजले तर ते ६८ भरतात. या काळात असंख्य खाजगी वाहने एकाच जागी उभी राहिली. निर्बंध सैल होताच लोकांनी चावी फिरवली, तेव्हा अनेकांना केवळ एक क्षीण टकटक ऐकू आली. दुसरा प्रसंग एस. टी. कर्मचाऱ्यांच्या संपाचा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला हा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला आणि विठ्ठलवाडीसह राज्यातील आगारांमध्ये बसगाड्यांच्या रांगा महिनोन् महिने उभ्या राहिल्या. उभे राहणे म्हणजे विश्रांती, ही समजूत यंत्राच्या बाबतीत खरी नाही, हे या दोन्ही प्रसंगांनी दाखवून दिले. चालत्या वाहनाची झीज होते, तशी उभ्या वाहनाचीही होते. फक्त तिचा प्रकार निराळा असतो.

एक उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण कल्पू. विठ्ठलवाडीत राहणारे एक मुख्याध्यापक आहेत. त्यांची पेट्रोलवर चालणारी मोटार आठवड्यातून एकदा, रविवारी, बाहेर निघते. रविवारी सकाळी ती चटकन सुरू होत नाही. सेल्फ बराच वेळ फिरवावा लागतो. एकदा सुरू झाली की मात्र दिवसभर कोठेही थांबवा, पुन्हा चावी फिरवताच ती सुरू होते. परिचित कारागिराने सांगितले, "बॅटरी बसली आहे." नवी बॅटरी आली. पुढील रविवारी पुन्हा तेच. मग प्लग बदलले. त्यानंतरच्या रविवारीही तेच. खर्च झाला, दुखणे कायम राहिले.

येथे काय चुकले? निदान होण्यापूर्वीच उपचार झाला. वैद्य जसा प्रथम नाडी पाहतो, तसे येथे कोणी पाहिले नाही. या उदाहरणाचे उत्तर लेखाच्या ओघात येईल. तत्पूर्वी नाडी कशी पाहावी ते समजून घेऊ.

इंजिनाच्या गरजा

कोणतेही इंजिन सुरू होण्यासाठी मोजक्याच गोष्टी लागतात. पहिली, ते पुरेशा वेगाने फिरवले गेले पाहिजे. हे काम बॅटरी आणि सेल्फ करतात. दुसरी, योग्य प्रमाणात इंधन व हवा मिळाली पाहिजे. तिसरी, ते मिश्रण पेटले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात ते प्लगच्या ठिणगीने पेटते, तर डिझेलच्या इंजिनात दाबाने तापलेल्या हवेने. वाहन सुरू होत नाही याचा अर्थ या तीनपैकी काहीतरी कमी पडते आहे. तिन्हींचा संशय एकाच वेळी घेण्याचे कारण नाही. कोणती गोष्ट कमी पडते हे कान सांगतो.

कानाने परीक्षा

चावी फिरवल्यावर येणारा आवाज तीन प्रकारचा असू शकतो.

पहिला प्रकार : काहीच आवाज नाही, किंवा नुसती टकटक होते आणि समोरील दिवे मंद होतात. बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल अथवा गंजलेले आहे. दिवे मात्र लख्ख राहिले आणि आवाज आला नाही, तर संशय सेल्फवर, त्याच्या वायरवर किंवा फ्यूजवर जातो.

दुसरा प्रकार : इंजिन फिरते, पण जड ओझे ओढावे तसे मंद, थांबत थांबत. बॅटरी अर्धीमुर्धी उतरली आहे किंवा वीज वाटेत अडते आहे.

तिसरा प्रकार : इंजिन नेहमीसारखे जोमाने फिरते, पण पेट घेत नाही. अशा वेळी बॅटरीला दोष देणे व्यर्थ होय. दोष इंधनाचा किंवा ठिणगीचा आहे.

येथे एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. "सकाळी त्रास, दिवसभर ठीक" हे लक्षण बॅटरीच्या दोषातही दिसते आणि इंधनाच्या दोषातही दिसते. बॅटरी उतरलेली असेल तर एकदा इंजिन चालल्यावर ती काही प्रमाणात भरते, म्हणून पुढे त्रास होत नाही. इंधनाची नळी रिकामी झाली असेल तर एकदा भरल्यावर तीही भरलेली राहते. म्हणजे दिवसभराच्या वर्तनावरून दोघांत भेद करता येत नाही. भेद करता येतो तो फक्त सकाळच्या पहिल्या आवाजावरून. आपल्या मुख्याध्यापकांच्या मोटारीचा सेल्फ पहिल्या दिवसापासून जोमाने फिरत होता. तो कोणी लक्ष देऊन ऐकला असता तर नव्या बॅटरीचा खर्च वाचला असता.

बॅटरी : साठा आणि गळती

मोटारीची शिसे-आम्लाची बॅटरी ही जुनी गोष्ट आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये ती प्रथम तयार केली. तिच्यात सहा घर असतात व प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट दाब देते. साधा मल्टिमीटर जवळ असेल तर तिची स्थिती मोजता येते. वाहन रात्रभर उभे राहिल्यानंतर, काहीही चालू न करता दोन्ही टर्मिनलांमधील दाब पाहावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी. १२ व्होल्टच्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. सेल्फ फिरत असताना हा दाब साधारणतः ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर तो १३.८ ते १४.४ च्या आसपास चढावा. तो चढत नसेल तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही असे समजावे.

ज्या बॅटरीत पाणी घालण्याची सोय आहे तिच्या प्रत्येक घरातील आम्लाची घनता हायड्रोमीटरने पाहता येते. भरलेल्या बॅटरीत ती १.२५ ते १.२८ असते. पाच घरांत ती सारखी आणि एकात बरीच कमी आढळली, तर ते घर निकामी झाले आहे. अशी बॅटरी कितीही भरली तरी टिकत नाही. घरात पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे वा विहिरीचे पाणी घालू नये. त्यातील क्षार पट्ट्यांना मारक ठरतात.

उभ्या वाहनाची बॅटरी का उतरते, याचा हिशेब शाळेतील मुलांकडूनही करून घेता येईल. आजच्या मोटारीत घड्याळ, चोरी रोखणारी यंत्रणा, दारांची कुलुपे आणि इंजिनाचा संगणक हे चावी काढल्यावरही थोडी वीज घेत राहतात. हा प्रवाह ०.०२५ ॲम्पिअर धरला तर दिवसाला ०.६ ॲम्पिअर-तास वीज खर्च होते. लहान मोटारीची बॅटरी सुमारे ३५ ॲम्पिअर-तासांची असते. टाळेबंदीच्या ६८ दिवसांत ४० ॲम्पिअर-तासांहून अधिक खर्च झाला असता. म्हणजे वाहनात कोणताही बिघाड नसताना बॅटरी पूर्ण रिकामी होणे अटळ होते. त्या वर्षी अनेकांनी ज्याला बिघाड म्हटले तो बिघाड नव्हताच, ते साधे अंकगणित होते.

याउलट एखादे वाहन तीन-चार दिवसांतच बसत असेल तर तेथे गळती आहे. डिकीतील ५ वॉटचा दिवा बंद होत नसेल तर तो ०.४ ॲम्पिअरहून थोडी अधिक वीज घेतो. दिवसाला हा खर्च १० ॲम्पिअर-तासांचा होतो आणि चौथ्या दिवशी बॅटरी संपते. अशी गळती शोधण्यासाठी जाणकार कारागीर ऋण टर्मिनलची वायर सोडून मध्ये मीटर जोडतो, दारे बंद करून अर्धा तास थांबतो आणि मग प्रवाह मोजतो. तो ०.०५ ॲम्पिअरहून अधिक राहिला तर एकेक फ्यूज काढून पाहतो. ज्या फ्यूजला प्रवाह घटतो, त्या शाखेत दोष असतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळतो.

रिकामी बॅटरी तशीच ठेवणे हा दुसरा अपराध होय. तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण थर बसतात आणि पुढे ती पूर्ण भरत नाही. म्हणून बॅटरी उतरल्याचे कळताच ती भरून घ्यावी.

टर्मिनलांवर पांढरा-हिरवट क्षार साचला असेल तर तो कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवावा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये आणि नंतर टर्मिनल घट्ट करून त्यावर थोडे व्हॅसलीन लावावे. कोकणच्या दमट हवेत हा दोष विशेष आढळतो. इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी अर्थची पट्टी गंजली असेल तर भरलेली बॅटरीदेखील उतरल्यासारखी वागते. तीही पाहावी.

इंधन : परत जाणारे आणि शिळे होणारे

जुन्या प्रीमियर पद्मिनीसारख्या मोटारीत कार्ब्युरेटर असे. आठवडाभर गाडी उभी राहिली की त्याच्या वाटीतील पेट्रोल उडून जाई. ती वाटी पुन्हा भरेपर्यंत सेल्फ मारत बसावे लागे. हे त्या रचनेचे वैशिष्ट्यच होते, बिघाड नव्हता. आजच्या मोटारीत टाकीमध्ये विजेचा पंप असतो. तो नळीत दाब निर्माण करतो आणि एक झडप तो दाब काही काळ धरून ठेवते. ही झडप झिजली की गाडी उभी असताना पेट्रोल हळूहळू टाकीत परतते.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. चावी 'सुरू' या स्थितीपर्यंत न्यावी, सेल्फ मारू नये. दोन-तीन सेकंद मागील बाजूने पंपाचा हलका गुणगुणाट ऐकू येतो व थांबतो. चावी बंद करून हीच क्रिया तीन वेळा करावी आणि मग सेल्फ मारावा. एरवी त्रास देणारी गाडी या रीतीने लगेच सुरू झाली, तर दोष नळीतील दाब टिकत नसल्याचा आहे. आपल्या मुख्याध्यापकांच्या मोटारीचे दुखणे हेच होते. बॅटरी आणि प्लग दोन्ही निरपराध होते. गुणगुणाट मुळीच आला नाही, तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासावा.

सेल्फ बराच वेळ मारल्यावर पेट्रोलचा उग्र वास आला तर इंजिनात पेट्रोल अधिक झाले आहे. दहा मिनिटे थांबावे. नंतर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवून सेल्फ मारावा. इंजेक्शन असलेल्या बहुतेक गाड्यांत तेव्हा पेट्रोल बंद होते आणि जादा पेट्रोल निघून जाते.

महिनोन् महिने साठलेले पेट्रोल शिळे होते. त्याचा चटकन पेटणारा भाग उडून जातो व मागे चिकट अंश राहतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की ते पेट्रोलपासून विलग होऊन तळाशी बसते. म्हणून दीर्घकाळ उभ्या ठेवायच्या वाहनाची टाकी शक्य तो भरलेली ठेवावी. रिकाम्या टाकीत ओलसर हवा अधिक मावते.

डिझेल वाहनांत दोन दोष नेहमी आढळतात. पहिला, नळीच्या सूक्ष्म छिद्रातून हवा शिरून इंजिन 'हवा धरते'. हाताच्या पंपाने हवा काढून टाकली की ते चालते. मात्र हवा शिरली कोठून ते शोधल्याखेरीज उपाय पुरा होत नाही. दुसरा, फिल्टरच्या तळाशी पाणी साचते. ते वेळोवेळी सोडून द्यावे. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून चिकट साका तयार होतो आणि फिल्टर तुंबतो.

उंदीर, ओलावा आणि पूर

दीर्घकाळ उभे राहिलेले इंजिन हे उंदरांना सुरक्षित घर वाटते. ते वायरी कुरतडतात आणि हवेच्या फिल्टरच्या पेटीत घरटे करतात. म्हणून महिनाभर उभ्या राहिलेल्या वाहनाला हात लावण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहावे. काड्या, चिंध्या, लेंड्या दिसल्या तर आधी सर्व वायरी तपासाव्यात. गाडी उकिरड्याजवळ किंवा धान्याच्या कोठाराशेजारी उभी करू नये.

पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक चिकटतात. इंजिन चालू होते, पण गाडी हलत नाही. सपाट जागी हँडब्रेक सोडून चाकांना दगडाची अडण लावणे अधिक बरे.

पुराचा विषय या भागात वेगळा सांगावयास हवा. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठी ही वस्ती आहे. २६ जुलै २००५ चा पूर येथील लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली होती. अशा पुरात जे वाहन बुडाले असेल त्याची चावी कदापि फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि इंजिनाचे दांडे वाकतात. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. बॅटरीची वायर सोडावी आणि वाहन ओढत कार्यशाळेत न्यावे. पुरानंतर 'सुरू होते का पाहू' म्हणून मारलेला एक सेल्फ दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढवतो.

दुसऱ्या बॅटरीचे साहाय्य घेताना

बॅटरी उतरली असता दुसऱ्या वाहनाची वीज घेता येते, पण क्रम चुकवू नये. दोन्ही वाहने १२ व्होल्टचीच असावीत. बस व मोठे ट्रक बहुधा २४ व्होल्टचे असतात, त्यांची वीज मोटारीला देऊ नये. प्रथम लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, मग तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला जोडावे. त्यानंतर काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि शेवटचे टोक बंद वाहनाच्या इंजिनावरील कोऱ्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघत असतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्याजवळ पडता कामा नये. काढताना उलट क्रम ठेवावा. सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट थांबावे.

संस्थांनी काय करावे

ग्रामपंचायत, शाळा व कार्यालये यांनी पुढील शिस्त पाळल्यास बहुतेक अडचणी उद्भवणारच नाहीत.

१. प्रत्येक वाहनाची जबाबदारी एका नावनिशीवार व्यक्तीकडे सोपवावी. 'सर्वांचे काम' हे कोणाचेच नसते.

२. वाहन आठवड्यातून एकदा किमान अर्धा तास रस्त्यावर चालवावे. जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालवल्याने बॅटरी भरत नाही. उलट तेलात व धुराड्यात पाणी साचते. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालवूच नये, धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो.

३. रुग्णवाहिका दररोज एकदा सुरू करून पाहावी. ती आठवडाभर बाहेर पडली नाही तर तीही अर्धा तास चालवून आणावी.

४. नोंदवहीत तारीख, बॅटरीचा दाब, तेलाची पातळी, चाकांतील हवा आणि पहिल्या प्रयत्नात सुरू झाले किंवा नाही, एवढ्या पाच नोंदी कराव्यात. बॅटरी अचानक मरत नाही. तिचा दाब आठवड्यागणिक उतरतो आणि वही ते आधीच सांगते.

५. महिन्याहून अधिक काळ वाहन उभे ठेवायचे असल्यास बॅटरी भरून ऋण टर्मिनल सोडून ठेवावे. घड्याळ व रेडिओ पुन्हा लावावे लागतील, एवढीच तोशीस पडते.

६. दुरुस्तीच्या देयकासोबत दोष कसा ठरवला याची एक ओळ कारागिराकडून लिहून घ्यावी. निदान न सांगता सुटा भाग बदलला असेल तर विचारणा करण्याचा अधिकार संस्थेला आहे. तो पैसा करदात्यांचा आहे.

यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. एक मल्टिमीटर, एक वही आणि चावी फिरवताना क्षणभर देऊन ऐकलेला आवाज, इतके भांडवल पुरते. आजचे वाहन कितीही गुंतागुंतीचे झाले असले तरी त्याच्या मूळ गरजा बदललेल्या नाहीत. ते फिरले पाहिजे, त्याला इंधन मिळाले पाहिजे, ते पेटले पाहिजे. या क्रमाने पाहणारा माणूस फसत नाही आणि त्याच्या गावची रुग्णवाहिका ऐन रात्री दाराशी उभी राहत नाही.